आलुबुखार-जर्दाळूचे संकरित झाड : परसातील लागवड आणि व्यवहाराचा धडा

आपल्या व्यापारी वाचकांत बागवान मंडळी बरीच आहेत. फळांच्या पेट्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना आलुबुखार आणि जर्दाळू म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. एक बिर्याणीत पडतो, दुसऱ्याचा खुबानीचा मीठा होतो. किराणा आणि सुक्या मेव्याच्या दुकानांतही या दोन्हींची बरणी असतेच. परंतु या दोन फळांचा संकर करून तयार झालेले एक तिसरे फळ जगाच्या बाजारात आले आहे आणि त्याची रोपे रंगीत चित्रांच्या जाहिराती देऊन आपल्या गावापर्यंत विकली जात आहेत. हे झाड काय आहे, ते परसात कसे वाढवतात, कोठे वाढते आणि कोठे वाढत नाही, याची माहिती या लेखात देत आहोत.

विषय हाती घेण्यास एक निमित्त घडले. आमच्या ओळखीतील एका तरुणाने रत्नागिरी जिल्ह्यात रोपवाटिका सुरू केली आहे. कलमे बांधण्यात त्याचा हात चांगला आहे. मागील वर्षी तो एक जाहिरातीचे पत्रक घेऊन आमच्याकडे आला. २०० रोपे घेतल्यास दर रोपास ४५० रुपये, आणि गिऱ्हाईक ९०० रुपये सहज देते, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे ९०,००० रुपये गुंतवून ९०,००० रुपये नफा. त्याने विचारले, "चाचा, घेऊ का?"

आम्ही त्याला काही न बोलता आमच्या परसात नेले. तेथे कुंपणाला लागून दोन झाडे उभी होती. चार वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकावर विश्वास ठेवून आम्ही ती १,८०० रुपयांना घेतली होती. चार वर्षांत त्यांना एक फूल आले नाही. झाडे मेली नव्हती, पण जगलीही नव्हती. फांद्यांच्या शेंड्याला पानांचे झुपके आणि खाली उघड्या काड्या, असे त्यांचे रूप होते. ज्याने विकली त्याला आम्ही दोष दिला, पण त्याआधी दोष आमचा होता. घेताना विचारायचे चार प्रश्न आम्ही विचारलेच नव्हते. ते प्रश्न कोणते, हे आम्हांला पुढे कळले, आणि ते कळले त्या झाडाच्या खऱ्या घरी, म्हणजे कॅलिफोर्नियात.

हे फळ आहे तरी काय?

आलुबुखार, जर्दाळू, पीच, बदाम, चेरी ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. सर्वांच्या फळात मध्ये एक कठीण कोय असते. एका कुळातील असल्यामुळे त्यांतील काहींचा एकमेकांशी संकर होऊ शकतो. एकाच्या फुलातील पराग दुसऱ्याच्या फुलाच्या स्त्रीकेसरावर लावायचा, फळ धरल्यावर त्याची कोय रुजवायची, आणि येणाऱ्या झाडांतून चांगले निवडायचे, ही ती रीत. यात प्रयोगशाळेत जनुके बदलण्याचा भाग नाही. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा तयार झाला आणि १९८१ साली तो बागायतदारांना मिळाला, तोच हा प्रकार. फरक इतकाच की रत्नाचे आईबाप दोन्ही आंबेच आहेत, येथे मात्र आईबाप दोन वेगळ्या जातींचे आहेत. त्यामुळे काम फार कठीण होते.

या संकराची तीन नावे बाजारात ऐकू येतात. अर्धा आलुबुखार व अर्धा जर्दाळू असेल तर त्यास 'प्लमकॉट' म्हणतात. त्याचा पुन्हा आलुबुखाराशी संकर करीत गेले आणि आलुबुखाराचा अंश वाढला, की 'प्लुओट'. याची साल आलुबुखारासारखी गुळगुळीत असते. जर्दाळूचा अंश जास्त ठेवला, की 'एप्रियम'. याच्या सालीवर जर्दाळूसारखी बारीक लव असते. आज घरच्या बागेत आणि बाजारात ज्याचा बोलबाला आहे तो मुख्यतः प्लुओटचा. चांगल्या प्लुओटची साल आलुबुखारासारखी आंबट लागत नाही आणि फळ थोडे कडक असतानाही गोड असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे, कारण कडक फळ वाहतुकीत टिकते.

दोन माणसांची चिकाटी

प्रथम हे काम ज्याने नावारूपास आणले तो ल्यूथर बरबँक. त्याचा जन्म १८४९ सालचा. १८७५ साली तो अमेरिकेच्या पूर्व भागातून कॅलिफोर्नियातील सँटा रोझा या गावी आला आणि झाडांच्या नव्या जाती काढण्यात त्याने आयुष्य घालविले. १८८५ साली त्याने जपानहून आलुबुखाराची रोपे मागविली. त्या जपानी आलुबुखारांपासून त्याने अनेक वाण काढले. त्यांपैकी गावाच्याच नावाचा 'सँटा रोझा' हा वाण १९०६ साली बाहेर पडला. हाच वाण पुढे हिमाचल प्रदेशातही रुजला आणि तेथील बागांत आज मोठ्या प्रमाणावर आहे. आलुबुखार आणि जर्दाळूचा संकर होणार नाही असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. बरबँकने तो करून दाखविला आणि त्याला प्लमकॉट हे नाव दिले. पण त्या झाडांवर फळ कमी धरे. स्वाद होता, उत्पन्न नव्हते. म्हणून बाजारात त्याचे बस्तान बसले नाही. बरबँक १९२६ साली वारला.

त्याच १९२६ साली फ्लॉइड झायगर यांचा जन्म झाला. त्यांनी कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या गावाजवळ बायको-मुलांना सोबत घेऊन घरचा धंदा उभारला. धंदा कसला, तर फळांचे नवे वाण काढण्याचा. मादी म्हणून निवडलेली झाडे मोठ्या कुंड्यांत वाढवायची, फुलाच्या वेळी काचघरात आणायची, प्रत्येक फुलातील पुंकेसर हाताने काढायचे आणि मग हवा तो पराग कुंचल्याने लावायचा. कोय रुजून झाडाला पहिले फळ यायलाच काही वर्षे जातात. ते फळ चाखून बहुतेक झाडे काढून टाकावी लागतात. अशा हजारो झाडांतून एखादे ठेवण्यासारखे निघते. बरबँकचे अपुरे राहिलेले काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे संकर करीत नेले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे प्लुओट बाजारात येऊ लागले. २०२० साली ते वारले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाच्या नावावर शेकडो वाण होते. कारागिरांनी येथे लक्षात घेण्यासारखे हे की या धंद्याचे भांडवल म्हणजे हात, डोळे, जीभ आणि धीर. यंत्रसामग्री फार नव्हती.

नाव वेगळे, झाड वेगळे

व्यापाराच्या पानावर हा मुद्दा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत १९३० साली कायदा झाला, त्यान्वये कलमाने वाढविल्या जाणाऱ्या नव्या वाणाचे पेटंट मिळू लागले. पेटंट असेपर्यंत धन्याच्या परवान्याशिवाय त्या झाडाची काडी घेऊन कलम बांधता येत नाही. पूर्वी ही मुदत १७ वर्षांची होती, १९९५ पासून अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षांची झाली. मुदत संपली की झाड सर्वांचे. पण 'प्लुओट' आणि 'एप्रियम' ही नावे झायगर कुटुंबाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदविली. व्यापारचिन्हाचे नूतनीकरण करीत राहिले तर ते संपत नाही. म्हणजे झाड मोकळे झाले तरी नाव धन्याचेच राहते. त्याच्याही पुढे जाऊन फळाच्या व्यापाऱ्यांनी आपापली नावे ठेवली. ठिपक्यांच्या सालीचा 'डॅपल डँडी' हा वाण तेथे 'डायनोसॉर एग', म्हणजे त्या प्रचंड प्राण्याचे अंडे, या नावाने विकला गेला आणि मुलांच्या हट्टापायी खपला. नावातही धन असते ते असे.

आपल्या देशात २००१ च्या कायद्याने नव्या वाणाची नोंदणी होते आणि झाडे व वेलींच्या वाणास १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. शेतकऱ्यास आपल्या शेतातील माल, बियाणेसुद्धा, ठेवण्याचा, पेरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याच कायद्याने ठेवला आहे, मात्र नोंदलेल्या वाणाचे बियाणे ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. रोपवाटिका चालविणाऱ्या बंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

झाडाची झोप

आता मूळ प्रश्न. आमच्या झाडांना फूल का आले नाही?

आमच्या बहिणीचा मुलगा मोडेस्टोपासून थोड्या अंतरावर राहतो, तेथे त्याचे किराणा दुकान आहे. २०१९ च्या जानेवारीत त्याच्याकडे जाण्याचा योग आला. त्याच्या घरामागे प्लुओटचे झाड होते. पान एक नाही, नुसत्या काड्या. बाहेर इतके दाट धुके की समोरचे घर दिसत नव्हते. हे धुके त्या खोऱ्यात हिवाळ्यात दिवसेंदिवस बसून राहते, त्याला तेथे 'ट्यूली' धुके म्हणतात. आम्ही म्हटले, "अरे, तुझे झाड वाळले की काय?" तो हसून म्हणाला, "मामू, झोपले आहे. हे पोटभर झोपले नाही तर फुलत नाही."

या एका वाक्यात सर्व शास्त्र आले. थंड प्रदेशातील ही झाडे शरद ऋतूत पाने टाकून निद्रेत जातात. त्यांच्या कळ्यांना जाग येण्यासाठी ठराविक थंडी मिळावी लागते. ती मोजण्याचे साधे माप म्हणजे 'थंडीचे तास'. हिवाळ्यात पारा ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली, पण गोठणबिंदूच्या वर, जितके तास राहिला तितके तास धरायचे. बहुतेक प्लुओट वाणांना असे सुमारे ४०० ते ६०० तास लागतात. 'डॅपल डँडी' हा वाण ४०० ते ५०० तासांत भागवतो. एप्रियममध्ये 'फ्लेवर डिलाइट' या वाणास त्याहून कमी, ३०० च्या आत, तास पुरतात. धुके ऊन अडवते, त्यामुळे दिवसाही कळ्या थंड राहतात आणि तास जमा होतात. अलीकडच्या दशकांत ते धुके कमी होत चालले आहे आणि तेथील बागायतदारांना त्याचीच चिंता आहे.

थंडी अपुरी पडली तर काय होते? पाने उशिरा आणि फक्त शेंड्याला फुटतात. फुलकळ्या गळून जातात, किंवा काही आज व काही महिन्याने फुलतात. फळ धरत नाही. आमच्या परसातील झाडांचे तंतोतंत हेच वर्णन होते.

आता आपला हिशोब करू. समजा एखाद्याचे घर निफाडकडे आहे. तेथे थंडी कडक पडते हे सर्वांस ठाऊक आहे. एखाद्या हिवाळ्यात २० रात्री पारा ७ अंशांच्या खाली गेला आणि प्रत्येक रात्री ४ तास राहिला असे धरले, तरी बेरीज ८० तास होते. लागतात ४००. महाबळेश्वरची हवा गार खरी, पण ती आपल्याला गार, त्या झाडाला नव्हे. आणि आमच्या किनाऱ्यावर तर पारा ७ अंशांवर येण्याचा प्रश्नच नाही. तेथे बेरीज शून्य.

दुसरी अडचण पावसाची. हे झाड अशा मुलखातले की जेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्याची फळे जून ते ऑगस्टमध्ये पिकतात. आपल्याकडे नेमका तेव्हा धुवाधार पाऊस. थंडीची अडचण नसती तरी फळ तडकणे, कुजणे आणि मुळांत पाणी साचणे हे होतेच.

जोडीदाराशिवाय फळ नाही

भाच्याच्या झाडाचीही एक हकिकत आहे. त्याने प्रथम एकच झाड लावले होते. तिसऱ्या वर्षी ते फुलांनी भरून गेले, पण फळे धरली मोजून पाच. चौथ्या वर्षीही तेच. तेव्हा त्यास कळले की बहुतेक प्लुओटना स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसऱ्या वाणाचा प्लुओट किंवा जपानी आलुबुखार हवा, तोही त्याच सुमारास फुलणारा. त्याने शेजारी सँटा रोझा आलुबुखार लावला. त्याला फुले येऊ लागली आणि दोन्ही झाडांवर फळ लागले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे बरबँकचे झाड आज झायगरांच्या झाडाच्या उपयोगी पडते. जागा कमी असेल तर तेथे दोन वाणांची झाडे एकाच खड्ड्यात दीड फुटाच्या अंतराने लावतात, किंवा एकाच झाडावर दुसऱ्याची फांदी कलम करतात. काम मधमाश्या करतात, म्हणून फुले असताना कीटकनाशक मारायचे नाही.

लागवडीची रीत

जेथे थंडीचे तास पुरे पडतात तेथे लागवड कशी करतात, ती अशी :

१. वेळ : झाड निद्रेत असताना, डिसेंबर ते फेब्रुवारीत, मुळांना माती नसलेली उघडी रोपे लावतात. अशी रोपे स्वस्त पडतात आणि मुळे पाहून घेता येतात. मुळे वाळू देऊ नयेत.

२. जागा : दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. खड्ड्यात पाणी ओतून पाहावे. ते साचून राहत असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे.

३. खुंट : कोयीपासून आईबापाच्या गुणांचे झाड येत नाही, जसे हापूसच्या बाठ्यापासून हापूसच येईल असे नाही, रायवळ निघते. म्हणून कलमच हवे. पण ते कोणत्या खुंटावर आहे हे विचारावे. 'सायटेशन' या खुंटावर झाड ठेंगणे राहते आणि ओलसर जमीन काहीशी सोसते. 'नेमागार्ड' हा पीचचा खुंट हलक्या, निचऱ्याच्या जमिनीस चांगला, चिकण मातीत नव्हे. 'मायरोबलन' हा आलुबुखाराचा खुंट भारी जमिनीत टिकतो.

४. लावणे : खड्डा मुळे पसरतील इतका रुंद असावा, विनाकारण खोल नको. कलमाचा सांधा जमिनीच्या चार बोटे वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत घालू नये, कोवळी मुळे जळतात. तीच माती परत भरून पाणी द्यावे.

५. पहिली छाटणी : लावल्याबरोबर रोप जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर छाटतात. नवख्याचा जीव यात कासावीस होतो, पण याशिवाय फांद्या खालून फुटत नाहीत. मग चहूबाजूंनी तीन-चार फांद्या ठेवून मधला भाग मोकळा राखतात, वाडग्यासारखा.

६. खोडाला रंग : पांढरा पाण्यात मिसळणारा रंग निम्मे पाणी घालून खोडाला लावतात. त्याने उन्हाने साल फाटत नाही आणि खोड पोखरणारी कीड शिरकाव करीत नाही.

७. पाणी : उन्हाळ्यात खोलवर पण अंतराने. खोडाशी पाणी साचू देऊ नये. आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र खोडापासून दूर.

८. पुढील छाटणी : वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आकारासाठी आणि उन्हाळ्यात उंची रोखण्यासाठी. हात पोहोचेल इतकेच झाड ठेवावे. एप्रियमची छाटणी मात्र जर्दाळूप्रमाणे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, कोरड्या हवेत करतात, कारण ओल्या दिवसांत कापलेल्या जागेतून फांद्या मारणारी बुरशी शिरते.

९. विरळणी : फळे सुपारीएवढी झाली की गर्दीतली काढून टाकावीत आणि दोन फळांत ४ ते ६ इंचांचे अंतर ठेवावे. राहिलेली मोठी व गोड होतात आणि फांदी मोडत नाही. हातातले फळ तोडून टाकणे जिवावर येते खरे, पण पेटीतला मोठ्या आकाराच्या मालाचा भाव बागवानास सांगायला नको.

१०. रोग-कीड : वसंतात मावा येतो. फळे तपकिरी होऊन कुजण्याचा रोग असतो. झाडावर वाळून राहिलेली जुनी फळे तो पसरवितात, म्हणून ती वेचून नष्ट करावीत. खोडातून डिंक वाहू लागल्यास निचरा तपासावा. पक्ष्यांसाठी जाळे लागते.

चांगल्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिली फळे दिसतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून भरपूर येतात. 'फ्लेवर सुप्रीम' जूनमध्ये पिकतो, 'डॅपल डँडी' आणि 'फ्लेवर किंग' ऑगस्टमध्ये. रंगावर जाऊ नये. रंग आधी येतो, गोडी मागून. एक फळ तोडून चाखावे आणि मगच काढणी करावी.

आपल्या मंडळींनी काय करावे?

हिमाचल आणि काश्मीरमध्ये आलुबुखार व जर्दाळू पिकतात, लडाखमध्ये जर्दाळू पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथे थंडी आहे आणि हिमाचलात सँटा रोझासारखा जोडीदारही आहे. हे झाड भारतात शोभायचे तर तेथे. तिकडच्या बागायतदारांशी ज्यांची अडत आहे त्यांनी या फळाची माहिती ठेवावी. असा माल हाती आला तर तो त्याच्या खऱ्या नावाने विकावा, साध्या आलुबुखारात मिसळून नव्हे. आमच्या मते महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला यातील संधी फळ विकण्यात आहे, रोप विकण्यात नाही.

परदेशी असलेल्या नातेवाइकांना आणखी एक सूचना. कलमाच्या काड्या किंवा रोपे सामानातून आणू नयेत. २००३ च्या आदेशानुसार आयातीचा परवाना, निर्यात करणाऱ्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला आणि रोपे येथे आल्यावर देखरेखीखाली वेगळी ठेवणे, हे सर्व लागते. एका काडीबरोबर आलेला रोग कुलूच्या किंवा काश्मीरच्या कितीतरी घरांच्या चुली विझवू शकतो.

कोणतेही परमुलखातले फळझाड घेताना किंवा विकताना हे चार प्रश्न विचारावेत :

एक, याला किती तास थंडी लागते, आणि माझ्या गावी ती किती पडते?
दोन, याला जोडीदार झाड लागते का, लागत असल्यास कोणते?
तीन, हे कलम आहे की बियांचे रोप, आणि कलम असल्यास कोणत्या खुंटावर?
चार, वाणाचे नेमके नाव काय, आणि ते पावतीवर लिहून द्याल का?

चौथ्या प्रश्नावर जो विक्रेता विषय बदलतो, त्याच्याकडे पहिल्या तिघांचीही उत्तरे नसतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या तरुणाला आम्ही हे चारही प्रश्न लिहून दिले. त्याने पत्रकावरील क्रमांकावर फोन करून ते विचारले. थंडीचे नाव काढताच समोरून उत्तर आले की, "आमची रोपे कोणत्याही हवेत चालतात." त्याने तेथेच फोन ठेवला. नंतर तो आम्हांला म्हणाला, "चाचा, नव्वद हजार गेले."

आम्ही म्हटले, गेले खरे, पण हिशोब पुरा कर. तुझी २०० रोपे २०० परसांत गेली असती. पहिली दोन-तीन वर्षे लोकांनी पाणी घातले असते. मग तुझ्याच गावच्या, तुझ्याच ओळखीच्या २०० घरांत रोज सकाळी एक वांझ झाड तुझे नाव सांगत उभे राहिले असते. ज्या घराने ते झाड घेतले, ते घर पुढे तुझ्याकडून हापूसचे कलमही घेणार नाही. पत्रकवाला परगावचा, तो दुसरे पत्रक छापील. तुला मात्र त्याच रस्त्याने रोज जायचे आहे.

यंदाच्या पावसाळ्याआधी आम्ही आमच्या परसातील दोनपैकी एक झाड काढून टाकले. त्या जागी त्याच्याच रोपवाटिकेतील रत्नाचे कलम लावले. हाही संकरच, पण आपल्या मातीत जन्मलेला, आणि हापूससारखा साका त्यात होत नाही. दुसरे झाड मात्र ठेवले आहे. त्या तरुणाकडे कोणी आलुबुखार-जर्दाळूच्या रोपाची चौकशी करीत आले, की तो त्यांना आमच्याकडे पाठवितो. ते येतात, झाड पाहतात, चहा घेतात आणि बहुधा परत जाताना त्याच्याकडून आंब्याचे नाहीतर कोकमाचे कलम घेऊन जातात. तूर्त इतकेच.